भिंतीपलीकडचे कर्नलसाहेब

"सर, तुमच्या कोटावर जी पदकं आहेत, त्यांतली लढून मिळालेली किती?"

हा प्रश्न मी विचारला. मी, उमामा जमालुद्दीन बुरोंडकर, नववी ब, मुलींचा विभाग. हातात माइक, स्पीकर चालू, आणि आवाज अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असा. माझ्या वर्गातल्या अफशाँ आणि अनुष्कानं पैज लावली होती की माझी हिंमतच होणार नाही. गेल्या वर्षीपर्यंत झालीही नसती. तेव्हा मी हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायच्या आधीसुद्धा घसा साफ करायचे. पण यंदा मी वक्तृत्वात पहिली आले, चष्मा बदलला, उंची वाढली आणि आवाज असा काही मोकळा झाला की अम्मी म्हणते, "हळू गो, खाली सीरियन राहतात, त्यांना मराठी यायला लागेल."

प्रश्न भिंतीपलीकडे गेला.

भिंत म्हणजे खरीच भिंत. सौदीतल्या खमीस मुशैतच्या आमच्या भारतीय शाळेत मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ही उंच पांढरी भिंत, वर काचा लावलेली. पुरुषांना आमच्या बाजूला पाऊल टाकायची परवानगी नाही. त्यामुळे सव्वीस जानेवारीची मुलींची परेड शाळेनं खास बोलावलेले कर्नल चारुदत्त शितोळे, निवृत्त, भिंतीच्या पलीकडून बसवत होते. लाउडस्पीकरवरून. आम्हाला एकदाही न बघता.

"प्लॅटून, सावधाऽऽन! तिसरी रांग ढिली पडते आहे!" स्पीकर गरजायचा.

आमच्यात तिसरी रांग नव्हतीच. दोनच होत्या.

पहिले दोन दिवस आम्ही इमानदारीनं उन्हात चाललो. मग अफशाँला बूट चावला म्हणून ती बाकावर बसली आणि बसल्या बसल्याच पाय आपटायला लागली. तेव्हा शोध लागला की बसून पाय जास्त एकत्र आपटतात. दुसऱ्या दिवसापासून सगळी प्लॅटून सावलीत बाकांवर. एका हातात चिप्सचं पाकीट, खाली पायांचा धडधडाट. खुर्शीद मॅडम, आमच्या पीटीच्या मॅडम, शेजारी बसून वह्या तपासायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "मुलींनो, साध्या मिठाच्या चिप्सचं पाकीट असेल तर इकडे द्या."

"शाब्बास!" पलीकडून कर्नलसाहेबांचा आवाज भरून यायचा. "तीस वर्षं नोकरी केली, पण इतकी एकसंध पावलं मी जवानांचीसुद्धा ऐकली नाहीत! ह्याला म्हणतात कदम!"

आम्ही आणखी जोरात आपटायचो. चिप्स सांडायच्या.

परेडनंतर ते 'शंकासमाधान' घ्यायचे. आमच्या बाजूला एक माइक होता. त्यात मुली विचारायच्या, सर, देशसेवेसाठी काय खावं? सर, लवकर उठायची सवय कशी लावावी? आणि त्या सोमवारी मी विचारलं, ते वर सांगितलंच.

"नाव सांगा, कॅडेट," भिंत म्हणाली.

अनुष्का हातवारे करून सांगत होती, काहीही सांग, शबाना सांग, फातिमा सांग, दिसतंय कुणाला! पण वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी खोटं नाव सांगते होय? मी बापाच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं.

आणि तिथेच घोळ झाला. कारण माझे अब्बा कर्नलसाहेबांच्या हाताखाली काम करतात.

शहराबाहेर अब्बांच्या कंपनीचा कामगारांचा कॅम्प आहे. अब्बा तिथले कॅम्प बॉस. नाव मोठं, काम असं की कुणाच्या खोलीत ढेकूण झाले, पाण्याचा टँकर का आला नाही, बसचा ड्रायव्हर कुठे झोपलाय, मेसच्या डाळीत पाणी किती, ते सगळं अब्बांच्या डोक्यावर. आणि अब्बांच्या डोक्यावर प्रशासन व्यवस्थापक, म्हणजे कर्नल शितोळे. ते पाच वर्षांपूर्वी पुण्याहून आले, तेव्हापासून अब्बांची मिशीसुद्धा हळूहळू कर्नलसाहेबांसारखी होत गेली. फोनवर अब्बा 'हो' म्हणायचं विसरले, 'रॉजर' म्हणतात. आणि साहेबांचा फोन आला की उभे राहतात. एकदा आंघोळीला निघाले होते, नुसत्या टॉवेलवर, तरी उभे राहिले. अम्मीनं मला तोंड फिरवायला सांगितलं.

आता सौदायझेशनचं, म्हणजे परदेशी माणसांच्या जागा सौदी लोकांना द्यायच्या. आमच्या घरात हा शब्द लोक तापाचं नाव घेतात तसा घेतला जातो. ह्याला आला, त्याला आला, त्याच्या अख्ख्या घराला आला. कर्नलसाहेबांची व्यवस्थापकाची जागा सौदी माणसासाठी राखीव झाली आणि उसामा नावाचा एक पोरगेला सौदी साहेब आला. अत्तर एवढं की तो बसमधून उतरून गेल्यावरसुद्धा बस भरलेली वाटायची. कर्नलसाहेब त्याला काम शिकवत होते. ऑफिसनं सांगितलं होतं की उसामा शिकला की ह्या विभागात बाहेरच्या देशाचा एकच माणूस राहील.

सगळ्यांनी धरलं होतं, कर्नलसाहेब पुण्याला जाणार. फ्लॅट आहे, पेन्शन आहे. राहणार अब्बा. खुद्द कर्नलसाहेबांनी आमच्याकडे जेवताना, सांदण नारळाच्या दुधात बुडवत सांगितलं होतं, "जमाल, मी माझ्या माणसांना मैदानात सोडून जात नाही. तुझी जागा पक्की. मोर्चा सोडायचा नाही."

मोर्चा म्हणजे असा की लांबच्या राबिघ शहरातून गफूरमामूंचा सारखा फोन येत होता. तिथल्या रिफायनरीच्या एका ठेकेदाराकडे कॅम्प बॉसची जागा होती. कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदार मालक, बदलून द्यायलाही ते तयार होते. फक्त कुटुंब आणता येणार नव्हतं, आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. अब्बा नाहीच सांगणार होते. साहेबांनी शब्द दिलाय ना! आणि मलाही तेच हवं होतं. मला खमीस सोडायचं नव्हतं. इथे आत्ता कुठे माझा आवाज फुटला होता. पुढच्या वर्षी हेडगर्ल होणारच होते, फक्त निवडणूक बाकी होती. पण इथली नोकरी गेली आणि राबिघचीही हातची गेली, तर आम्ही तिघं एकदमच फायनल एक्झिट, कायमचे परत. सरळ कोकणात, आमच्या गावी, बुरोंडी. अब्बांसकट.

तर त्या सोमवारी भिंतीनं माझ्या प्रश्नाला काय उत्तर दिलं?

"उत्तम प्रश्न!" भिंत म्हणाली. म्हणजे उत्तर नव्हतंच. मग नदी आली. नदी प्रत्येक कार्यक्रमात येते. कर्नलसाहेब तेव्हा कॅप्टन होते, ईशान्येकडे, पूर आला होता, दोन जवान वाहून चालले होते आणि साहेबांनी उडी मारली. मी सहावीत असताना ती नदी छातीइतकी होती. सातवीत पुरुषभर झाली. आठवीत तिच्यात झाडं वाहायला लागली. ह्या वेळी पलीकडचा काठ दिसत नव्हता आणि एक म्हैससुद्धा आली.

"तेव्हा कॅडेट उमामा," शेवटी आवाज खोल गेला, "पदकं लढून मिळत नाहीत. पदकं टिकून मिळतात!"

टाळ्या. आमच्या बाजूनं पायांनी.

संध्याकाळी अब्बा घरी आले ते बूट न काढताच बैठकीत.

"काय विचारलास तू कर्नलसाहेबांना?"

"पदकं कशाची ते."

"पदकं कशाची? त्या माणसाच्या हातात आपलं सगळं आहे गो! माझी जागा, तुझी शाळा, ही चटई, हा पंखा! आणि तू त्याला पदकं कशाची विचारतेस?"

"साहेब काय म्हणाले पण?"

"ते काय म्हणणार? मोठा माणूस. हसले. म्हणाले, 'जमाल, तुझी मुलगी तोफखान्यात जाईल.'" अब्बांनी कपाळाला हात लावला. "मोठी माणसं हसतात तेव्हाच भ्यायचं असतं."

अम्मी, तिचं नाव सफूरा पण अब्बा सोडून सगळे तिला सांदणवाली म्हणूनच ओळखतात, स्वयंपाकघरातून म्हणाली, "उद्या मी सांदण करते. ही घेऊन जाईल आणि सॉरी म्हणेल. कर्नलसाहेबांचा राग पोटातून जातो."

मंगळवारी दुपारी मी डबा घेऊन कर्नलसाहेबांच्या फ्लॅटवर गेले. अब्बा खाली गाडीत थांबले. वर यायला लाज वाटत होती.

दार सुनेत्राकाकूंनी उघडलं. कर्नलसाहेबांच्या पत्नी. बारीक, पांढरे केस कापलेले, आणि डोळ्यांत सारखं काहीतरी गमतीचं. "साहेब नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात हे अजून विसरतात, दही आणायला गेलेत आणि बंद दारासमोर उभे असतील," त्या म्हणाल्या. "बस. तू ती प्रश्नवाली ना?"

मी मान खाली घातली. सॉरीची तयारी करून आले होते.

"अगं, बघून तरी घे ज्याच्याबद्दल विचारलंस." त्यांनी भिंतीवरच्या काचेच्या पेटीकडे बोट केलं. निळ्या मखमलीवर ओळीनं पदकं. "हे बघ. हे देशाला पन्नास वर्षं झाली म्हणून. त्या वर्षी जो नोकरीत होता त्याला मिळालं. आमच्या मेसच्या आचाऱ्यालाही मिळालं, तो पुलाव करपवायचा तरी. हे नऊ वर्षं नोकरी झाली म्हणून. हे वीस वर्षं झाली म्हणून. हे उंचावर राहिले म्हणून, तिथे ह्यांचं डोकं दुखायचं आणि मला रोज पत्रात डोकेदुखीच वाचावी लागायची."

"आणि हे?" कोपऱ्यात एक वेगळं होतं. रिबीन जरा विटलेली.

काकू पेटीजवळ गेल्या. "ते नदीचं. ते खरं आहे हं. सव्वीस वर्षांचा होता. दोघांना काढलं बाहेर, स्वतःचा खांदा निखळला. म्हैसबिस नव्हती. पण तो खरंच आत गेला होता." त्यांनी काचेवरची धूळ ओढणीनं पुसली. "त्यानंतर आजतागायत पाण्यात पाय घातलेला नाही. जेद्दाला समुद्रावर गेलो तर गाडीत बसून राहतो."

मला एकदम त्या सव्वीस वर्षांच्या माणसाबद्दल बरं वाटलं. खरंच सॉरी म्हणावंसं वाटलं. आणि तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं आणि कर्नलसाहेब आत आले, दह्याशिवाय. ते आमच्याकडे जेवायला आले की मी आतल्या खोलीत असायचे, त्यामुळे त्यांना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. स्पीकरमध्ये ते सहा फूट होते. खरे जेमतेम माझ्याएवढे. मिशी मात्र स्पीकरएवढीच.

त्यांच्या मागे अत्तर आलं आणि अत्तरामागून उसामा.

"मुबारक, कर्नल, मुबारक!" उसामा मोठ्यानं हसत होता. त्याचं हिंदी कॅम्पमधल्या ड्रायव्हरांकडून शिकलेलं. "ऑफिस बोला, ओके. काम खलास. पहिली तारीख से तुम कॅम्प बॉस. जमाल का कुर्सी, तुम्हारा कुर्सी. मैं बोला, इतना बडा आदमी, छोटा कुर्सी? बट यू वॉन्ट, सो यल्ला."

मग त्याला मी दिसले. डबा मांडीवर घेतलेली.

"ये कौन?"

"जमालची मुलगी," सुनेत्राकाकू म्हणाल्या. आवाजातली गंमत संपली होती.

उसामा लालबुंद झाला. "जमाल अच्छा आदमी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मैं दोनों माँगा. ऑफिस बोला, एक. सॉरी, बिंती, सॉरी बेटी." आणि अत्तर मागे ठेवून तो उलट्या पावली गेला.

सॉरी म्हणायला मी आले होते, आणि म्हणाला मात्र उसामा.

"बस बेटा, बस," कर्नलसाहेब म्हणाले. "हे बघ, ह्याला माघार म्हणत नाहीत. ही पुनर्रचना आहे. सैन्यात नेहमी होते."

"सर, हे माझ्या प्रश्नामुळे झालं का?" मला तेवढंच सुचलं.

"छे छे!" त्यांना उलट आनंद झाला. "अर्ज मी मागच्याच आठवड्यात दिला. तुझा प्रश्न कालचा. माझ्या मनात काडीचा राग नाही. अधिकाऱ्यानं वैयक्तिक आकस ठेवायचा नसतो."

म्हणजे परवा रात्री आमच्याकडे सांदण खाऊन शब्द दिला, तेव्हा अर्ज देऊन झाला होता.

"चारू," काकू म्हणाल्या, "तू जमालची जागा मागितलीस? मला पुण्याचं तिकीट दाखवत होतास ना तू?"

"पुण्याला जाऊन काय करू मी?" कर्नलसाहेबांचा आवाज पहिल्यांदाच स्पीकरसारखा राहिला नाही. "आपल्या सोसायटीत सात कर्नल आहेत, सुनेत्रा. दोन ब्रिगेडियर. तिथे लिफ्टमध्येसुद्धा मला कुणी आधी जाऊ देत नाही. पाण्याच्या टँकरवरून भांडत बसू मीटिंगमध्ये?"

"आणि इथे कॅम्प बॉस होऊन काय करणार आहेस? टँकरच मोजणार ना?"

"इथे मी एकटा आहे," ते म्हणाले.

आणि मला कळलं की ते खरंच बोलतायत. सगळ्या खमीसमध्ये कर्नल एकच. सगळ्या कार्यक्रमांना प्रमुख पाहुणा एकच. नदी एकच. पुण्यात नदीला कुणी उभं केलं नसतं. त्यासाठी ढेकणांच्या खोल्या मोजायलासुद्धा तयार होता माणूस. माझ्या अब्बांच्या खोल्या.

"अब्बांना सांगितलंत?" मी विचारलं.

"योग्य वेळी सांगणार." ते परत सरळ उभे राहिले. "सव्वीसच्या कार्यक्रमाचा मंडप, खुर्च्या, साउंड, सगळं जमाल बघतोय. आत्ता सांगितलं तर मनोबल खचेल. कार्यक्रम झाला की मी स्वतः स्टेजवर बोलावून त्याला शाल घालणार आहे. तू तोवर एक शिस्तीची कॅडेट म्हणून गप्प राहायचं."

"पण गफूरमामूंना गुरुवारी सांगायचंय! राबिघला! तुम्हाला माहीत आहे, तुमच्यासमोरच बोलणं झालं होतं!"

कर्नलसाहेबांनी पेटीतली पदकं बघितली. माझ्याकडे नाही बघितलं.

"तो माणूस टिकाऊ आहे," ते म्हणाले. "काहीतरी होईल त्याचं."

मी डबा तसाच घेऊन खाली आले. सांदण अजून गरम होतं.

गाडीतच सांगून टाकलं. अब्बांनी गाडी चालू केली नाही. माझं बोलणं संपेपर्यंत ऐकलं आणि मग हसले. मला वाटलं होतं ते चिडतील, रडतील, वर धावत जातील. ते हसले.

"सॉरी म्हणायला लागू नये म्हणून एवढी मोठी गोष्ट?"

"अब्बा, उसामा स्वतः बोलला!"

"त्याचं हिंदी तुला काय कळतंय? मला कळत नाही अजून." त्यांनी आरशात बघून मिशी सारखी केली. "अगो, दोन माणसांसाठी पुरात उडी मारलेला माणूस तो. तो माझी खुर्ची ओढेल? कॅम्प बॉसची? ती खुर्ची हलते गो, एका पायाखाली पुठ्ठा लावलाय मी."

"मग विचारा त्यांना! फोन करा!"

"असं विचारायचं नसतं वरच्या माणसाला. शब्द दिलाय त्यानं. शब्दावर प्रश्न विचारला की शब्द जातो." आणि डब्याकडे बघून: "सांदण का परत आणलंस? आता अम्मीला काय सांगायचं?"

अम्मीनं मात्र माझ्यावर विश्वास ठेवला, पण तो कुणाच्या कामाचा नव्हता. तिनं अब्बांना रात्रभर टोचलं, सकाळी टोचलं. अब्बांचं एकच, "सफूरा, तू त्यांना ओळखत नाहीस." पाच वर्षं त्यांना जेवण घालणाऱ्या बाईला हे सांगत होते. बुधवारी ते दिवसभर मंडपाच्या बांबूंमागे फिरत होते. घरी येऊन म्हणाले, स्टेज असं बांधलंय की साहेब सगळ्यांना दिसतील.

गुरुवारी रंगीत तालीम. पलीकडे अब्बा साउंडच्या मशीनपाशी, हे मला माहीत होतं, कारण 'हॅलो, टेस्टिंग, वन टू' त्यांच्याच आवाजात आलं होतं. आम्ही बाकांवर. अफशाँनं चिप्स पुढे केल्या, मी घेतल्या नाहीत. तिला वाटलं मी आजारी आहे.

"शाब्बास, मुलींनो!" कदम संपल्यावर कर्नलसाहेब म्हणाले. "उद्या कॉन्सुलेटचे पाहुणे येतायत. अशीच पावलं आली पाहिजेत. काही शंका?"

मी उठले. खुर्शीद मॅडमनी मान वर केली. "उमामा, आता नको हं काही," पण तोवर माइक माझ्या हातात होता.

"सर, कॅडेट उमामा जमालुद्दीन बुरोंडकर. माझ्या अब्बांची कॅम्प बॉसची जागा पहिल्या तारखेपासून तुम्ही घेतली आहे का?"

भिंतीपलीकडे एक कावळा ओरडला, तोसुद्धा स्पीकरमधून आला.

"कॅडेट," कर्नलसाहेब म्हणाले, "हा प्रश्न परेडच्या कक्षेबाहेरचा आहे."

"हो की नाही, सर?"

"सैन्यात काही गोष्टी गोपनीय..."

"सर, अब्बा तिथेच आहेत. मशीनपाशी. आज संध्याकाळी त्यांना राबिघला हो किंवा नाही सांगायचंय. नुसतं नाही म्हणा. तुम्ही नाही म्हणालात तर मी इथे, सगळ्यांसमोर, सॉरी म्हणते. मोठ्यानं."

मला खरंच वाटत होतं की ते नाही म्हणावेत. खोटं म्हणाले असते तरी चाललं असतं त्या क्षणी. खमीस राहिलं असतं, हेडगर्ल राहिली असती.

श्वास ऐकू येत होता. पूर आलेल्या नदीत उडी मारलेल्या माणसाचा श्वास. भिंत असल्यामुळे बघायला काही नव्हतं, नुसता आवाज होता, आणि आवाजात काय असतं ते त्या दिवशी मला कळलं. तो माणूस शब्द शोधत होता आणि पेटीतलं एकही पदक त्याच्या कामी येत नव्हतं.

मग खट् झालं आणि स्पीकर मेला.

कुणीतरी वायर ओढली होती. संध्याकाळी कळलं, अब्बांनीच. "एवढ्या पोरांसमोर त्या माणसाचं तोंड कसं झालं होतं, बघवेना मला," ते म्हणाले. म्हणजे बघा. नोकरी ह्यांची गेली, आणि इज्जत वाचवली साहेबांची.

घरी आल्यावर अब्बा चटईवर बसले आणि त्यांनी चहा मागितला नाही. त्यांनी मिशीला हातही लावला नाही. अम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती, आणि टोचत नव्हती, हे जास्त भीतिदायक होतं.

"खरं होतं," अब्बा म्हणाले. मला नाही, चटईला.

तेवढ्यात फोन वाजला. कर्नलसाहेब. अब्बांनी फोन चटईवर ठेवून स्पीकरवर टाकला.

"जमाल, झालं ते झालं," साहेबांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा. "मी मोठ्या मनानं घेतोय. उद्या पाहुण्यांसमोर मुलीनं माइकवर एक छोटी माफी मागावी. गैरसमज झाला, एवढंच. मग मी उसामाशी बोलतो. तुला जूनपर्यंत ठेवून घेतील, काम हस्तांतर करायला. तुझ्याइतकं ते टँकरचं वगैरे मला कुठे माहीत आहे? मुलीचं वर्षही पूर्ण होईल. विचार कर आणि कळव. जय हिंद."

फोन बंद झाला. अब्बांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं ते काय बोलणार आहेत. माझ्यासाठीच बोलणार होते, हे त्यातलं वाईट.

"उमो," ते म्हणाले, "एक सॉरीच तर म्हणायची आहे. जूनपर्यंत आपण तिघं एकत्र. तुझी नववी, तुझ्या मैत्रिणी. गफूरकडे गेलो तर मी तिथे एका खोलीत चार जणांबरोबर, आणि तुम्ही दोघी तिकडे. तुला हवंय का ते?"

"नकोय," मी म्हणाले.

"मग?"

"जूनमध्ये काय होणार अब्बा? राबिघची जागा तोवर थांबणारे? त्यांना काम शिकवून झालं की तुम्ही शाल घेऊन विमानात."

अम्मी पुढे आली. "तिचं बरोबर आहे हो," ती म्हणाली. "पण पोरीला तिथे बुरोंडीत..." आणि तिचं वाक्य तिथेच अडलं, कारण तिला बुरोंडी माहीत आहे आणि मलाही. तिथे मे महिन्यात पंधरा दिवस छान वाटतं. सोळाव्या दिवशी शेजारपाजारच्या सगळ्या खाला-मावश्या विचारायला लागतात, हिचं पुढे काय ठरवलंय?

बाहेर संध्याकाळची, मगरिबची अजान सुरू झाली. गफूरमामू नमाज झाली की फोन करणार होते. मी विचार केला असं म्हणणार नाही, विचार दुपारीच झाला होता, माइक हातात असतानाच. फक्त तो इतका नकोसा होता की मी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि चष्म्यावर धुकं आलं होतं, पण आवाज ठीक होता.

"अब्बा, अम्मी, दोघं नीट ऐका," मी म्हणाले, खालच्या सीरियन लोकांनाही ऐकू जाईल असं. "उद्या मी माफी मागणार नाही. परेडलाही जाणार नाही. मार्चमध्ये नववीची परीक्षा देईन, तोवर आपला व्हिसा आहे, आणि मग मी आणि अम्मी बुरोंडीला जाऊ. दहावी दापोलीत करीन, रोज एसटीनं जाईन. आणि अब्बा, मामूंचा फोन आला की पहिल्या रिंगला उचलायचा आणि हो म्हणायचं. तुम्ही नाही म्हणालात तर मी म्हणेन."